भिंत पाडली तेव्हा मी बरा होतो

मला वेड लागलं तेव्हा आमच्या कॉलनीने शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार केला. पुढे वेड ओसरलं, मी गप्प झालो, भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो, तेव्हा कुठे सगळ्यांना वाटलं की ह्याला डॉक्टरकडे न्यायला हवं. एवढा क्रम लक्षात ठेवलात तर पुढचं सगळं सोपं आहे. आम्हाला तो कळेपर्यंत मात्र पुष्कळ पाणी डोक्यावरून गेलं.

आमच्या घरात आजारपणाची लाज नाही. रक्तदाब, साखर, आईचे गुडघे, सगळ्यांवर जेवताना चर्चा होते. माझ्या मूळव्याधीवर तर पाहुण्यांनीही मतं दिलेली आहेत. फक्त ह्या एका आजाराचं नाव निघालं की बायका उठून भांडी घासायला जातात, आणि भांडीसुद्धा आवाज करत नाहीत. म्हणून लिहितोय. तुमच्या घरात अशी न वाजणारी भांडी असतील, तर हे तुमच्यासाठी आहे.

ह्या आजारात माझी नोकरी लटपटली, संसारही लटपटला, पण दोन्ही टिकले. जे खरोखर हातचं जायची वेळ आली ते माझं गाऱ्हाणं. तेव्हा आधी गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगतो.

होय महाराजा

आमची कॉलनी बोरिवली पूर्वेला. हाउसिंग बोर्डाच्या बैठ्या खोल्या, आणि राहणारे बहुतेक आमच्यासारखे, बाप गिरणीत आणि गाव मालवणकडे. गणपती बसतो तोही गावच्या पद्धतीने. विसर्जनाला मूर्ती हलवण्याआधी एक माणूस नारळ हातात घेऊन मूर्तीसमोर उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने देवाशी मालवणीत मोठ्याने बोलतो. सेवा गोड मानून घे, चुकलंमाकलं माफ कर, पोराबाळांना सुखी ठेव. प्रत्येक वाक्य "रे महाराजा" असं संपतं आणि मागची गर्दी एका सुरात म्हणते, "होय महाराजा." हे गाऱ्हाणं. त्याला भटजी लागत नाही. लागतो तो खडा आवाज आणि देवाशी बोलताना न लाजणारा माणूस.

कॉलनीत हा मान माझ्या वडिलांचा होता. त्यांच्यानंतर माझ्याकडे आला. एरवी मी अंधेरीला एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर. दिवसभर डबे मोजायचे, साहेबासमोर मान खाली घालायची. वर्षातून एकदा थेट वरच्या साहेबाशी बोलायला मिळायचं आणि तेव्हा मान वर असायची. माझ्यापाशी अभिमानाने सांगण्यासारखं तेवढंच होतं.

गाऱ्हाण्यात एक मेख आहे, ती तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आली नव्हती. मागचे लोक नाही म्हणू शकत नाहीत. पुढचा काहीही बोलला तरी उत्तर एकच.

बाप इलो

त्या वर्षी श्रावणापासूनच मला झकास वाटायला लागलं. झोप कमी झाली, पण थकवा नाही. उठल्या उठल्या डोक्यात दहा कामं तयार. मी पहाटे अंगण झाडायचो. आमचं झालं की शेजारचं, मग पुढच्या लायनीचं. कारखान्यात सगळे रॅक नव्याने लावले, रंगांच्या क्रमाने, इंद्रधनुष्यासारखे. साहेब म्हणाले, वसंतराव, एकदम फॉर्मात आहात. कोणाशीही बोलताना मला शब्द शोधावे लागत नव्हते, तेच रांगेत उभे असायचे. शालन, म्हणजे आमची ही, सुरुवातीला खूश होती. नवरा घरातली कामं करतोय, ह्याची तक्रार कोणती बायको करेल?

मग भिंत पाडली.

आमची खोली आणि स्वयंपाकघर ह्यांच्यामध्ये अर्ध्या विटेची भिंत होती. मला सकाळी चहा पिताना दिसलं की ही भिंत चुकीच्या जागी आहे. पाऊस आला तर भजनी मंडळ बसणार कुठे? मांडव गळणार, आमचं घर मांडवाला लागून, भिंत गेली की मोठा हॉल तयार. मी बाबलला हाक मारली. बाबल माझा शेजारी, लहानपणापासूनचा दोस्त, प्लंबर. त्याच्याकडे घण होता.

"बाबल्या, घण आण."

"कशाला रे?"

"भिंत पाडायचीय."

दुसरा कोणी असता तर विचारलं असतं, बोर्डाची परवानगी काढलीस का, वहिनीला सांगितलंस का. बाबल म्हणाला, "चहा पिऊन आणतो."

संध्याकाळी शालन बाजारातून आली, तर स्टोव्ह थेट दारातून दिसत होता आणि पाच-सहा जण विटा बाहेर नेत होते. ती पिशवी हातात घेऊन उभीच राहिली. आई मात्र कौतुकाने पदर खोचून विटा मोजत होती. "माझ्या झिलाच्या अंगात बापूस इलो," ती येईल त्याला सांगत होती, जणू वडीलच माझ्यात संचारले होते. "तेचो पण असोच सपाटो होतो."

विसर्जनाच्या दिवशी मी नारळ घेऊन उभा राहिलो तो थांबेचना. समईतलं तेल संपलं, शालनने पुन्हा घातलं, तेही संपत आलं. मी देवाला म्हटलं, गोराईच्या खाडीपासून मालवणच्या धक्क्यापर्यंत पूल बांधून दी रे महाराजा. होय महाराजा. आमच्या नळाक रात्रंदिवस पाणी येवंदे रे महाराजा. होय महाराजा, आणि हे जरा जास्तच जोरात. बाबलपेक्षा तेची बायल हुशार हा, ता तेका कळांदे रे महाराजा. होय महाराजा, बायकांकडून. लोक हसत होते, टाळ्या पडत होत्या. असं गाऱ्हाणं कॉलनीने कधी ऐकलं नव्हतं. आणि मग मी म्हटलं, "यंदा तू जाव नको रे महाराजा. हयच रव."

सवयीने सगळे म्हणाले, "होय महाराजा."

मी वळलो आणि हातगाडीसमोर हात पसरून उभा राहिलो. ठरलं, म्हटलं. तुम्ही सगळ्यांनी हो म्हटलंत. आता मूर्ती हलणार नाही.

आधी हशा झाला. मग हळूहळू हसणं थांबलं, कारण मी हसत नव्हतो. बाबलने खांद्यावर हात ठेवला, "वश्या, चल ना यार, भरती गाठायचीय," तर मी तो झटकला. शेवटी आई पुढे आली. माझ्या कानाशी म्हणाली, "वसंता, तेका पण आवस आसा. ती घराकडे वाट बघता." देवालाही आई आहे, हे मात्र मला पटलं. मी बाजूला झालो आणि गोराईपर्यंत गाडीपुढे नाचत गेलो.

पुढच्याच सत्यनारायणाच्या पूजेला कॉलनीने शाल आणि नारळ दिला. भाषणात म्हणाले, असा भक्त होणे नाही. खरंच होऊ नये.

भिंतीकडे तोंड

दिवाळीच्या आसपास एका सकाळी उठलो आणि दात घासण्याचं ओझं वाटलं. नंतर उठण्याचंच वाटायला लागलं. कंदील मी लावलाच नाही. घरात आता भिंती कमी होत्या, तरी तोंड करून पडायला मला एक सापडली. आपण काय काय बडबडलो ते आठवून कानशिलं तापायची. नीता, आमची मुलगी, बारावीला होती. ती पुस्तकं घेऊन मैत्रिणीकडे जायला लागली. घरात भिंत नाही आणि बाप हलत नाही, पोरीने अभ्यास करायचा कुठे?

असा गप्प मी पूर्वीही दोनदा झालो होतो. फॅमिली डॉक्टरांनी ताकदीचं लाल औषध दिलं होतं. ह्या वेळी लाल औषधाच्या बाटल्या संपत गेल्या आणि मी तिथेच. शेवटी शालनने मला उठवलं, सदरा घातला, बाबलला रिक्षा आणायला सांगितलं, आणि आईही 'माका घेतल्याशिवाय जाव नकात' म्हणत बसली.

मोठं सरकारी रुग्णालय, बाकांची रांग, 'मानसोपचार' अशी पाटी. बाबल पाटीला पाठ करून उभा राहिला, कोणी ओळखीचं दिसलं तर आपण दातांच्या डॉक्टरकडे आलोय असं वाटावं म्हणून. डॉक्टर बाई होत्या, चाळिशीच्या, चष्मा कपाळावर.

"केव्हापासून असे आहेत?"

"दिवाळीपासून," शालन म्हणाली.

"त्याआधी?"

"त्याआधी एकदम झकास होता," बाबल म्हणाला.

बाई लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "घरी ह्यांना शांत झोपायला वेगळी खोली आहे?"

"होती," शालन म्हणाली. "म्हणजे मध्ये भिंत होती. ह्यांनी पाडली."

"कधी?"

"गणपतीच्या आधी. तेव्हा हे बरे होते."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. चष्मा डोळ्यांवर घेतला. "बरे होते तेव्हा भिंत पाडली," त्या सावकाश म्हणाल्या. "मला ह्या 'बरे होते'बद्दल सगळं सांगा."

मग तिघेही सांगायला लागले, आणि सांगता सांगता त्यांना स्फुरण चढलं. बाबलने गाऱ्हाण्याची नक्कल केली, पुलासकट. आईने सांगितलं, तो झोपाचोच नाय, तरी तोंडार काय तेज. शालनने अंगण झाडण्याचं सांगितलं, मग तिचा आवाज बारीक झाला, मग हातगाडीचं सांगितलं, आणि मग ती थांबली. तिच्या सगळ्यांत आधी लक्षात आलं. ती माझ्याकडे बघायला लागली.

"आजाराला दोन टोकं आहेत," बाई म्हणाल्या. "तुम्ही दर वेळी एकच टोक डॉक्टरला दाखवत आलात. दुसऱ्या टोकाला तुम्ही हार घालत होतात." त्यांनी नाव सांगितलं, मॅनिक डिप्रेसिव्ह. हल्ली बायपोलर असंही म्हणायला लागलेत म्हणाल्या. चढतं तेव्हा उन्माद, उतरतं तेव्हा हे.

मी कित्येक दिवस तोंड उघडलं नव्हतं. तेव्हा उघडलं.

"भिंत पाडली तेव्हा मी बरा होतो," मी म्हणालो.

 गप्प पडण्याला आजार म्हणा, माझी हरकत नव्हती. पण ते दिवस माझे होते. आयुष्यात एकदाच मी मला हवा तसा झालो होतो, आणि ही बाई म्हणत होती, तोही आजारच.

आईचा तर संताप झाला. "वायट होता ता तुमी घेवा," ती म्हणाली. "चांगला होता ताय काढून घेतास?"

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, घराण्यात आणखी कोणाला असं काही?

"कोणाक नाय," आई म्हणाली. इतक्या पटकन, की बाईंनी वर बघितलं.

तुळस आणि ऑइल पेंट

औषधांत मुख्य गोळी लिथियमची. तेही एक प्रकारचं मीठच, हे कळल्यावर आई म्हणाली, "मीठच देवचा होता तर आमच्या शिरोड्याक ढीग पडलेत." गोळ्यांनी हात थरथरायचे, तहान अशी लागायची की माठ माझ्याच नावावर केला, आणि पाणी प्यायलं की पुढचं जे होतं त्यासाठी कॉलनीच्या संडासाच्या रांगेत मला पहिला नंबर मिळायला लागला. पण महिना-दीड महिन्यात मी उठलो. दात घासले. कारखान्यात गेलो.

उठल्याबरोबर पहिलं काम केलं ते गोळ्या बंद करण्याचं. बंड करायची मला हौस, फक्त शत्रू चुकीचा निवडला. शालनसमोर गोळी तोंडात टाकायची, जिभेखाली धरायची आणि तुळशीला पाणी घालताना कुंडीत थुंकायची. तुळस त्या वर्षी फार समतोल वागली. मी नाही.

शिमग्याला पुन्हा चढलं. ह्या वेळी गोड नव्हतं. शब्द पूर्वी रांगेत यायचे, आता ढकलाढकली करत येत होते. कोणी मध्ये बोललं की अंगावर जायचो. नीताला मी एकदा असं ओरडलो की ती माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवून मागे मागे सरकत गेली, पाठ न वळवता, जसं कुत्र्यासमोरून माणूस सरकतो. ते मला आजही दिसतं. धुळवडीला मी कारखान्यातून रंगाचे डबे टेम्पोत घालून आणले आणि कॉलनीत वाटले. रंग झकास होता, निळा. फक्त ऑइल पेंट होता. त्या आठवड्यात बोरिवली पूर्वेला रॉकेलची टंचाई झाली असणार. आमचे सगळे शेजारी निळ्या कानांनी कामाला गेले.

बाबलने, निळ्या बाबलने, मला फसवून रुग्णालयात नेलं. म्हणाला, "वश्या, डॉक्टरीणबाईंनी वॉर्डात गाऱ्हाणं घालायला बोलावलंय." मी ताबडतोब रिक्षात बसलो. वॉर्डात गेलो आणि खरंच घातलं, आणि खाटांवरून दोन-चार आवाज आलेसुद्धा, होय महाराजा. कोकण सगळीकडे आहे. मग सुई आली आणि महाराजा दूर दूर गेले.

वॉर्डातले दिवस एकसारखे होते. ॲल्युमिनियमच्या मगात चहा. गोळ्यांची ट्रॉली. गोळी गिळल्यावर तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची, कारण माझ्यासारखे तुळशीवाले तिथे बरेच. रक्त काढायचं, त्यात औषध किती आहे ते बघायचं. जीभ इतकी जड की स्वतःचं नाव सांगताना दम लागायचा. पलीकडच्या खाटेवर वेसाव्याचा एक म्हातारा कोळी होता. तो दर थोड्या वेळाने विचारायचा, भरती कधी? सिस्टर म्हणायच्या, झोपा. एक दिवस मी अंदाजाने सांगितलं, दुपारी. तो एकदम शांत झाला. त्यानंतर रोज मीच त्याला भरती सांगायचो. चूक सांगत असणार, पण त्याची झोप लागायची. बदल्यात त्याने मला आपल्या बायकोने चोरून आणलेला सुका बोंबील दिला. त्या बेचव जेवणात तो बोंबील म्हणजे काय, ते मी सांगू शकत नाही.

एका दुपारी आई पेज घेऊन आली. मला भरवता भरवता म्हणाली, "तुझो बापूस शिमग्यात पालखी नाचवी तेव्हा चार गावचे लोक बघूक येयत."

"माहीत आहे गे, आये."

"आणि मिरगाचो पाऊस लागलो की माळ्यार जावन पडा. बोलाचो नाय, जेवाचो नाय. मी लोकांका सांगी, पोटात दुखता."

मी चमचा बाजूला सारला. "मग बाईंनी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"माळ्याचा सांगतलंय असतंय रे," ती म्हणाली. "पण पालखी नाचवची ता आजार म्हणान कसा सांगतलंय?"

मला तिचा राग आला नाही. मीसुद्धा तेच म्हणालो होतो.

टिकल्या

घरी सोडताना बाईंनी शालनला सांगितलं, रोजचं लक्षात ठेवू नका, कुठेतरी खूण करा. चढलं की एक खूण, उतरलं की दुसरी. महिन्याने मला आणून दाखवा. माणसाची आठवण चढत्या दिवसांच्या बाजूने खोटं बोलते, खूण बोलत नाही.

आमच्याकडे खुणा करायची जागा एकच, स्वयंपाकघरातलं कॅलेंडर, जिथे दुधाचे आकडे लिहितात. आणि शालनच्या हाताशी कायम असायची ती टिकल्यांची पाकिटं. चढलं की लाल टिकली, उतरलं की काळी. येणारा-जाणारा विचारायचा, कॅलेंडरला टिकल्या का लावल्यात? मी सांगायचो, आमचं कॅलेंडर सवाष्ण आहे.

पहिला महिना मी निमूट सहन केला. मग माझ्या लक्षात आलं की लाल टिकल्या वाढतायत आणि मी तर साधा जगतोय. मासे चांगले मिळाले म्हणून शीळ घातली, लाल. नीता बारावी पास झाली म्हणून गल्लीत पेढे वाटले, लाल. एका रविवारी बाबलने जोक सांगितला, मी खो खो हसलो, आणि हसता हसता बघितलं तर शालनचा हात पाकिटाकडे गेला होता.

मी उठलो. तिच्या हातातून ती टिकली घेतली आणि स्वतःच्या कपाळाला लावली.

"घे," म्हटलं. "कॅलेंडरला कशाला त्रास? मलाच लाव. म्हणजे गल्लीत सगळ्यांना दिसेल, आज हा हसला."

बाबल उठून चपला शोधायला लागला. शालन म्हणाली, "भावजी, बसा. तुम्हीच घण आणला होतात." बाबल बसला.

"मग मी हसायचंच नाही का?" मी विचारलं.

"हसा ना."

"तू टिकली लावणार."

"तुम्ही हसलात की मी भिंतीकडे बघते," ती म्हणाली. "म्हणजे जिथे भिंत होती तिथे. तुम्हाला ते दिवस सोन्यासारखे वाटतात. मी तेव्हा स्टोव्हसमोर बसून विचार करायची, आता हे पुढे काय पाडणार. आणि सगळी कॉलनी मला सांगायची, वहिनी, नशीबवान आहात."

इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला हे कधी विचारलं नव्हतं. माझ्या कपाळावर टिकली होती, म्हणून मला गंभीर तोंडही करता येत नव्हतं. शेवटी तीच हसली. मग रडली. मग उठून तिने टिकली काढली, आपल्या पाकिटात परत चिकटवली. वाया घालवणाऱ्यातली ती नव्हे.

पुढच्या वेळी मी बाईंना तोंडावर सांगितलं. गोळ्या घेईन, रक्त देईन, जीभ वर करून दाखवीन. पण माझ्या प्रत्येक हसण्याला आजार म्हणणार असाल, तर तुमचं औषध मला बरं करत नाही, मला जिवंत पुरतं. शालनला वाटलं, आता परत सुई. पण बाईंनी कॅलेंडरची पानं उलटून बघितली. "पेढ्यांना टिकली नको," त्या म्हणाल्या. "आनंदाला कारण असतं आणि आनंदाला झोप लागते. झोप गेली आणि तरी थकवा नाही, बोलणं आवरत नाही, घरादाराला हात घालायचे बेत सुरू झाले, तर लावा. आणि टिकली दोघांनी मिळून लावायची. एकट्याने नाही."

त्या दिवसापासून टिकलीवर आमची रोज बैठक बसते. कधी भांडण होतं. कधी मीच म्हणतो, लाव गं, आज डोकं जरा पळतंय. असं स्वतः म्हणता येणं, ही मला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट. भिंतसुद्धा परत बांधली, आणि ती बांधताना शीळ घातली. टिकली नाही.

ह्या वर्षीचं गाऱ्हाणं

गणपती जवळ आले तसा बाबल आमच्याकडे यायचा कमी झाला. मग एकदा आला आणि नळ बघायला लागला. आमचा नळ ठीक होता.

"बोल," मी म्हटलं.

"मंडळाची मीटिंग झाली. म्हणजे, सगळे म्हणतात, यंदा तुला आराम दे. गाऱ्हाणं दुसरा कोणी घालेल."

"कोण?"

"मी," बाबल म्हणाला, नळाशीच. "मला नकोय रे. माझा आवाज तुला माहीत आहे, फ्लशच्या टाकीसारखा."

मला वाटलं होतं, राग येईल. आधी भीतीच आली. रंगाचं स्टोअर गेलंच होतं. कंपनीने मला गेटपासच्या टेबलावर बसवलं होतं, जिथे मी फक्त सही करू शकतो. आता हेही गेलं तर मान वर करायची कुठे? मग राग आला, पण थंड, झोप झालेल्या माणसाचा. मी स्वतः मंडळात गेलो. म्हटलं, माझी साखर वाढली असती तर मला नारळ धरू दिला असतात की नाही?  म्हटलं, मी घालणार. शालन माझ्या बाजूला उभी राहील. तिने पुरे म्हटलं की वाक्य अर्धं असलं तरी मी थांबणार. एक म्हातारा म्हणाला, गाऱ्हाण्यात बाईमाणूस कधी उभं राहिलं नाही. मी म्हटलं, गेल्या वर्षी तिने समईत पुन्हा तेल घातलं, तेव्हा तुम्ही कोणी उठला नव्हता.

विसर्जनाला मी उभा राहिलो. हातातला नारळ थरथरत होता. ते लिथियम. मागच्यांना वाटलं, भक्ती. उजव्या हाताला शालन, पदर घट्ट धरून. आई पहिल्या रांगेत स्टुलावर.

"बा गणपती महाराजा," मी म्हटलं. "ही जी काय लेकरांनी तुझी सेवा केली, ती गोड मानून घे रे महाराजा."

"होय महाराजा."

"कोणाचा काय चुकलामाकला असात, ता पोटात घाल रे महाराजा."

"होय महाराजा."

इथे संपवायचं असं घरी ठरलं होतं. मी शालनकडे बघितलं. ती काही बोलली नाही, म्हणून पुढे गेलो.

"आणि ह्यो जो तुझ्यासमोर उभो हा, तेका डोक्याचो आजार हा रे महाराजा. तेच्या बापाशीक पण होतो. तो गोळ्यो घेता, तेची तेका लाज नाय रे महाराजा."

मागे काहीच आलं नाही. ज्या गर्दीने पुलाला हो म्हटलं होतं, देवाला थांबवायला हो म्हटलं होतं, तिला ह्याला हो म्हणता येत नव्हतं. समोर मूर्ती, हातात नारळ, आणि पाठीमागे सगळी कॉलनी. मी वळलो नाही. शालननेही पुरे म्हटलं नाही.

मग स्टुलाचा आवाज झाला. आई गुडघ्यांवर हात टेकून उठली होती.

"होय महाराजा," ती म्हणाली. म्हातारा, फाटका आवाज, एकटाच.

मग शालन. मग फ्लशच्या टाकीसारखा एक आवाज. आणि मग सगळे.

मी नारळ खाली ठेवला आणि मूर्ती उचलायला हात लावला. गोराईपर्यंत चालत गेलो. थोडा नाचलो. घरी येऊन आंघोळ केली, गोळी घेतली, जीभ वर करून शालनला दाखवली, आणि झोपलो.

सकाळी ती कॅलेंडरसमोर उभी होती, हातात पाकीट. मी चहा घेऊन बाजूला जाऊन उभा राहिलो. बराच वेळ दोघांनी त्या चौकोनाकडे बघितलं.

"झोप लागली होती?" तिने विचारलं.

"लागली होती."

तिने पाकीट परत डब्यात टाकलं. त्या चौकोनात दुधाचा आकडा आहे, बाकी काही नाही.